गुपित, खोटे आणि राष्ट्रीय सुरक्षा
(आष्टा येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रीय सुरक्षेच्या बातम्या आपली प्रसारमाध्यमे कशा देतात, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय मोठा आहे आणि तो दिल्लीच्या वातानुकूलित सभागृहात बोलावयाचा आहे, असा आपला समज असतो. मी त्याची सुरुवात आपल्या कृष्णेपासून करणार आहे.

पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची वार्ता आली की या पट्ट्यातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. अशा वेळी कोणी म्हणाला, लोकांचे मनोधैर्य टिकावे म्हणून आम्ही पाच फूट कमी सांगत आहोत, तर त्याला आपण देशभक्त म्हणणार नाही. आणि ऐकणाऱ्यांची गर्दी वाढावी म्हणून कोणी पाच फूट वाढवून सांगितले, तर त्याला आपण पारावर उभेही राहू देणार नाही. आपल्याला हवा असतो तो खरा आकडा. कारण गोठ्यातील जनावरे सोडावयाची की नाही, म्हातारी माणसे हलवावयाची की नाही, हे त्या आकड्यावर ठरावयाचे असते.

बातमी म्हणजे मूलतः हा आकडा होय. नागरिकाने आपला निर्णय ज्याच्या आधारावर घ्यावयाचा, ते विश्वासार्ह मोजमाप. मग जे असत्य आपण महापुरात घटकाभर सहन करणार नाही, ते युद्धाच्या काळात रात्रभर डोळे ताणून का पाहतो आणि सकाळी विसरून का जातो, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

यावर एक उत्तर तयार असते. संरक्षणाच्या बाबतीत सगळे उघड करता येत नाही, काही गुपिते राखावीच लागतात, असे सांगितले जाते. हे उत्तर खरे आहे, आणि ते या भूमीला कोणी शिकवावयास नको. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, प्रतिसरकार उभे राहिले. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील याच वाळवा तालुक्याचे. त्यांच्या शिरावर इनाम लावलेले होते, गावोगाव पोलीस धुंडाळत होते. तरीही १९४६ पर्यंत ते सरकारच्या हाती लागले नाहीत. नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांच्यासारखे कार्यकर्ते आज कोणत्या वस्तीवर आहेत, उद्या कोठे जाणार, हे शेकडो लोकांना ठाऊक असे. भाकरी पोचविणाऱ्या स्त्रियांना ठाऊक असे, रानातल्या गुराख्याला ठाऊक असे. कोणत्याही कायद्याची भीती नसताना त्या लोकांनी ते गुपित राखले. राष्ट्रीय सुरक्षेचे गुपित म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-आजींना पुस्तक न वाचता कळले होते.

परंतु त्याच प्रतिसरकारची दुसरी बाजू पाहा. गावोगावच्या न्यायदान मंडळांचे काम लोकांसमोर चाले. फिर्यादी कोण, आरोपी कोण, निवाडा काय, हे गावाला कळत असे. प्रतिसरकारने दिलेल्या काही शिक्षांविषयी मतभेद तेव्हाही होते आणि आजही असू शकतील. परंतु ते मतभेद होऊ शकतात याचे कारणच हे, की ती कृत्ये लोकांच्या डोळ्यांसमोर घडली. इंग्रज सरकार या मंडळींना दरोडेखोर ठरवीत होते. भारत संरक्षण नियमांनी वृत्तपत्रांचे हात बांधलेले होते, आणि गांधीजींचे 'हरिजन' ऑगस्ट १९४२ मध्ये बंद पाडले गेले होते. त्याच ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्या केंद्राने आपला पत्ता लपविला. बातमी लपविली नाही. सरकारचे धोरण नेमके उलटे होते. त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक होता, पण त्याने केलेला गोळीबार लोकांना कळू नये अशी त्याची खटपट होती.

या अनुभवातून मला तीन साधे नियम दिसतात. जे घडावयाचे आहे किंवा घडत आहे, त्याची जागा, वेळ, संख्या आणि मार्ग गुप्त राहिले पाहिजेत. मात्र ही गुप्तता त्या घटनेपुरती आणि त्या काळापुरती असावी. जे घडून गेले, त्यातील हानी, चूक आणि जबाबदारी वाजवी काळात लोकांसमोर आलीच पाहिजे. आणि खोटे मात्र आधीही सांगावयाचे नाही, नंतरही नाही. कारण गुपित आणि खोटे ही दोन भावंडे नव्हेत. गुपित राखणारा माणूस गप्प बसतो. खोटे बोलणारा आपल्या जागी दुसरेच काहीतरी मांडून ठेवतो.

आपल्या माध्यमांनी गेल्या दोन दशकांत या नियमांचा क्रमच उलटा केला आहे. जे झाकावयाचे होते ते त्यांनी दाखविले. आणि जे विचारावयाचे होते ते विचारले नाही. याची दोन उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. १६६ माणसे मारली गेली. ताजमहाल हॉटेल, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील झुंज २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली. त्या अवधीत वाहिन्यांचे कॅमेरे या इमारतींवर रोखलेले होते. नरिमन हाउसच्या छतावर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना साऱ्या जगाने पाहिले. त्या जगात पाकिस्तानात बसलेले या अतिरेक्यांचे सूत्रधारही होते. ते पडद्यावर पाहत होते आणि दूरध्वनीवरून आतल्या माणसांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्यातील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात या वार्तांकनाची स्वतंत्र दखल घेतली. या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांतील कोणाचा जीव गेला किंवा काय, हे सांगता येत नाही; परंतु त्यांचे काम अधिक अवघड आणि धोक्याचे झाले यात संशय नाही, असा त्याचा आशय आहे. या वर्तनाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने करता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले. आणि आम्हा पत्रकारितेच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यांना सर्वांत झोंबावे असे एक वाक्य त्यात आहे. माध्यमांचे नियमन माध्यमांनी स्वतःच करावे, या युक्तिवादाचे या वार्तांकनाने मोठे नुकसान केले, हा त्याचा अर्थ.

हे झाले दाखविण्याविषयी. विचारण्याचे काय झाले? आपल्याच जिल्ह्यातील आर. आर. पाटील तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. वार्ताहरांपुढे त्यांच्या तोंडून एक अनुचित वाक्य गेले, ते वाक्य वाहिन्यांनी दिवसभर फिरविले आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्या वाक्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु गुप्तवार्तेच्या सूचनांचे पुढे काय झाले, किनाऱ्यावरची गस्त कशी होती, पोलिसांच्या हातातील हत्यारे आणि अंगावरची चिलखते कोणत्या प्रतीची होती, हे प्रश्न त्या एका वाक्याहून शतपटींनी महत्त्वाचे होते. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये आपला अहवाल दिला. त्या अहवालावर वाहिन्यांनी किती तास खर्च केले आणि त्या वाक्यावर किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या आठवणीतून करावा. मंत्री गेला म्हणजे जाब मिळाला, अशी समजूत आपण करून घेतली.

आता दुसरे उदाहरण. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्यांपैकी सहा आपल्या महाराष्ट्रातील होती. ७ मे रोजी भारताने 'ऑपरेशन सिंदूर' सुरू केले. २६ एप्रिललाच केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना, संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नका, असे बजावले होते. म्हणजे २००८ चा धडा सरकारला आठवत होता. पण दाखवावयास खरे काही नसले म्हणजे खोटे दाखवू नये, असे मात्र कोणी बजावले नव्हते. ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त केले. कोणी इस्लामाबादेत भारतीय फौजा घुसविल्या, कोणी पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक करविली. परक्या देशांतील जुनी दृश्ये आणि चक्क व्हिडिओ गेममधील चित्रे रणभूमी म्हणून फिरली. सकाळ झाली तेव्हा यांतील काहीही घडलेले नव्हते.

त्या रात्री मी एका परिचित कुटुंबात बसलो होतो. त्यांचा मुलगा सीमेवर आहे. गाव, नाव सांगत नाही; अशी घरे या परिसरात गल्लोगल्ली आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धातच आपली ४६ माणसे गमावली होती. सैन्य हा आपल्याकडे भाषणाचा विषय नव्हे, घरातल्या माणसाच्या नोकरीचा विषय आहे. त्या घरात वडील पडद्यासमोरून हलत नव्हते. आई उंबऱ्यात बसली होती. कराची पडल्याचे निवेदक ओरडून सांगत होता, तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, "कराची पडली म्हणत्यात, मग माझ्या पोराचा फोन का लागंना?" तिसऱ्या दिवशी फोन आला, मुलगा सुखरूप होता. परंतु मला त्या प्रश्नाने आजवर सोडलेले नाही. साऱ्या देशाला विजयाची नशा चढविणारी ती रात्र, जिचे काही पणाला लागले होते त्या एका बाईला कोणतीही माहिती देऊ शकली नाही. जिला खरा आकडा हवा होता, तिला आरडाओरड मिळाली.

आणि खोट्याने केवळ नशा चढत नाही, माणसे दुखावतात. जम्मूतील पूंछ येथे ७ मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात एक स्थानिक शिक्षक मारला गेला. तो भारताचा नागरिक होता आणि शत्रूच्या तोफेने मेला होता. काही वाहिन्यांनी त्यालाच अतिरेकी ठरविले, कारण तो दाढी राखणारा मदरशातला मुसलमान शिक्षक होता. तेथील पोलिसांना खुलासा काढून ते खोडावे लागले, आणि जूनमध्ये तेथील न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. ज्या घरात प्रेत पडले होते त्या घराला आपण देशद्रोहाचा कलंक बहाल केला. राष्ट्र एकजूट ठेवणे ही जर सुरक्षेची पहिली अट असेल, तर त्या दिवशी ती अट कोणी मोडली?

हे का घडते? निवेदक वाईट आहेत म्हणून, असे म्हणून आपली सुटका होणार नाही. पूंछला वार्ताहर पाठवावयाचा, तेथे त्याला आठ-पंधरा दिवस ठेवावयाचे, त्याने दहा घरी हिंडून दोन वाक्ये खात्रीची आणावयाची, यास पैसा लागतो आणि वेळ लागतो. उलट चार निवृत्त अधिकारी एका पडद्यावर बसवून त्यांच्यात कलगीतुरा लावणे स्वस्त पडते, आणि त्यावर जाहिराती अधिक मिळतात. वार्ताहर हा खर्च झाला आणि निवेदक हे उत्पन्न झाले. बातमीचा कारखाना नफ्यासाठी चालू लागला की कच्चा माल म्हणून सत्याची गरज उरत नाही. भीती आणि अभिमान हा माल पुरेसा होतो.

सत्ताधाऱ्यांनाही हे गैरसोयीचे नसते. कायद्याचा इतिहास पाहा. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अतिरेकीविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी आली; कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच सांगावयाची असे ठरले. पहिल्या अर्ध्याशी माझे भांडण नाही. पण २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्याच्या वार्तांकनाबद्दल एका हिंदी वाहिनीला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवण्याचा आदेश निघाला. टीका झाल्यावर तो स्थगित झाला. २०२५ च्या त्या रात्रीच्या खोट्यासाठी मात्र कोणत्याही वाहिनीचा पडदा एक दिवसही काळा झालेला आपण पाहिला नाही. ९ मे रोजी रोखले गेले ते 'द वायर' हे वृत्तसंकेतस्थळ. खोटा विजय सांगणाऱ्यास अभय आणि अडचणीची गोष्ट छापणाऱ्यास कुलूप, असा हा न्याय आहे.

यात नवे काही नाही, हे आणीबाणी पाहिलेल्यांना सांगावयास नको. २६ जून १९७५ पासून प्रसिद्धिपूर्व तपासणी आली तीही सुरक्षेच्याच नावाने. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे लेख तपासनिसांनी अडविले. मसानींचे विचार आपल्यापैकी पुष्कळांना मान्य नव्हते. परंतु फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी निर्वाळा दिला, की सरकारवरील सनदशीर टीका दडपणे हे तपासनिसाचे काम नव्हे. १० एप्रिल २०१९ रोजी राफेल विमानांसंबंधी वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेली कागदपत्रे न्यायालयाने पाहूच नयेत, हा केंद्राचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. ५ एप्रिल २०२३ रोजी केरळमधील 'मीडिया वन' वाहिनीच्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले, की राष्ट्रीय सुरक्षेचा दावा आधारावाचून करता येत नाही. न्यायालयांनी वेळोवेळी मार्ग मोकळा करून दिला. त्या मार्गाने चालावयास माध्यमेच तयार नसतील तर न्यायालय काय करणार?

आता आक्षेपाचा विचार करू. युद्धात शत्रूही खोटे बोलतो; आपणच खरे सांगत बसलो तर मनोधैर्य खचेल, असे प्रामाणिक माणसेही म्हणतात. त्यांना मी १९६२ ची आठवण देईन. चिनी आक्रमण चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ रोजी संसद भरली आणि पंतप्रधानांच्या तोंडावर टीका झाली. त्यामुळे देश दुबळा झाला नाही. संरक्षणमंत्री बदलले गेले, आणि देवराष्ट्रे गावी जन्मलेले आपले यशवंतराव चव्हाण त्या जागी गेले. पुढे मात्र काय झाले? पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत त्याचे सार सांगितले. अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये लोकांपुढे आणला तो एका परदेशी पत्रकाराने. उलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्यातून गुप्तवार्तेतील उणिवा जगजाहीर झाल्या. म्हणून आपली सेना दुबळी झाली असे कोणी म्हणत नाही. चूक सांगितल्याने सैन्य खचत नाही. ती झाकली तर पुढच्या तुकडीला तीच चूक पुन्हा करावी लागते.

२०२५ मध्ये युद्धबंदी १० मे रोजी झाली. विरोधी पक्षांनी मागितलेले खास अधिवेशन भरले नाही; लोकसभेतील चर्चा जुलैच्या अखेरीस झाली. आपली काही विमाने पडली ही गोष्ट संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी मान्य केली, ती सिंगापूरमध्ये, परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना. चूक झाली, ती ओळखली, दुरुस्त केली आणि पुन्हा झेप घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. एका सेनापतीने सरळपणे सांगितलेली ही गोष्ट होती आणि तिने कोणाचेही मनोधैर्य खचले नाही. प्रश्न इतकाच उरतो, की ज्या देशाच्या करांतून ती विमाने आली आणि ज्या घरांतून ते वैमानिक आले, त्या देशाच्या वार्ताहरांनी तीन आठवडे तो प्रश्न नेटाने का विचारला नाही? आपल्या घरची वार्ता आपल्याला शेजाऱ्याच्या ओट्यावर का ऐकावी लागली?

मित्रहो, यावर उपाय सांगताना मी मोठे कायदे सुचविणार नाही. कायदा ज्याच्या हाती जातो तो त्याचा चाबूक करतो, हे आपण पाहिले आहे. पण चार गोष्टी आपल्या हाती आहेत. संकटाच्या रात्री आलेल्या बातमीपाशी थांबून विचारावे: हे पाहिले कोणी, सांगितले कोणी, आणि तो तेथे होता काय? ज्या बातमीला जागा नाही आणि सांगणारा नाही, ती मोबाइलवरून पुढे ढकलू नये. ज्या वृत्तपत्राने चूक केली आणि ती त्याच ठळक अक्षरांत दुरुस्त केली, त्याची वर्गणी चालू ठेवावी. ज्याने चूक केली आणि सोडून दिली, त्यास पत्र लिहावे आणि उत्तर आले नाही तर वर्गणी थांबवावी. आणि आपल्या खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, गावात आला की विचारावे, की संरक्षणावर आपण संसदेत शेवटचा प्रश्न केव्हा विचारला होता. रस्त्याचा आणि उसाच्या दराचा प्रश्न विचारणारा मतदार हाही प्रश्न विचारू शकतो.

सैनिकावर प्रेम करणारा माणूस त्याच्याविषयी खोटे ऐकून समाधान मानत नाही. त्याला कोणत्या हत्याराने लढावयास पाठविले, कोणत्या माहितीवर पाठविले, आणि जे चुकले ते पुढच्या वेळेपूर्वी दुरुस्त झाले काय, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. त्या उंबऱ्यातील आईने विचारला तो प्रश्न अडाणी नव्हता. त्या रात्री विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि तो वाहिनीवर कोणीही विचारला नाही. पुढच्या वेळी तो विचारला जावा, एवढ्याचसाठी मी आज आपला वेळ घेतला.